युनेम खरं बोलतं, पण अर्धंच

आजच्या भागाचा विषय छोटा आहे: शेल स्क्रिप्टने ऑपरेटिंग सिस्टिम आणि प्रोसेसर कसा ओळखायचा. आज्ञा मी उच्चाराप्रमाणे सांगतोय, टाइप करताना तेवढ्या इंग्रजीत करून घ्या.

गरज कुठे पडली ते आधी सांगतो. पुण्याहून शिरपूरला घरी आलो की रविवारी पाच-सात पोरं लिनक्स शिकायला येतात. एकाकडे भावाचा ३२ बिटचा जुना लॅपटॉप, एकीकडे विंडोज, एकाने हौसेने रास्पबेरी पाय घेतलेला, आणि दोघांकडे नुसता फोन, त्यावर टर्मक्स. फोनला हसू नका, गावाकडून येणाऱ्या पोराचा पहिला लिनक्स बऱ्याचदा तोच असतो. सरावाची उत्तरं तपासायला मी सी मध्ये एक छोटा प्रोग्रॅम लिहिलाय. प्रत्येकाच्या मशीनवर त्याची योग्य फाइल उतरवायचं काम स्क्रिप्टचं. चुकीची उतरली की स्क्रीनवर 'एक्झेक फॉरमॅट एरर' येतं, आणि आयुष्यात दुसऱ्यांदा टर्मिनल उघडलेलं पोरगं म्हणतं, "दादा, मना फोनच भंगार शे." फोन चांगला असतो हो. स्क्रिप्ट लिहिणाऱ्याने गृहीत धरलेलं असतं की जगात सगळ्यांकडे ६४ बिट इंटेलच आहे.

तर सुरुवात युनेमपासून. 'युनेम डॅश एस' म्हटलं की कर्नलचं नाव येतं: लिनक्सवर लिनक्स, मॅकवर डार्विन, विंडोजच्या गिट बॅशमध्ये मिंगडब्ल्यू६४ ने सुरू होणारं लांबलचक नाव. म्हणून तिथे पूर्ण नाव जुळवू नका, पुढे स्टार लावा. 'युनेम डॅश एम' प्रोसेसरचा प्रकार सांगतं. पोझिक्स प्रमाणात एस, एन, आर, व्ही, एम आणि सगळं एकदम दाखवणारा ए, एवढेच पर्याय आहेत. 'डॅश पी' नावावरून प्रोसेसरसाठीच वाटतो, पण डेबियनसारख्या ठिकाणी तो सरळ 'अननोन' म्हणतो. त्याच्या नादी लागू नका.

आता नावांचा घोळ. आमच्याकडे अहिराणीत मुलाला आंडोर म्हणतात, पुण्यात मुलगा, पोरगं तेच. तसंच ६४ बिट आर्मला लिनक्स म्हणतं एआर्च६४ आणि मॅक म्हणतो आर्म६४. एक्स८६ अंडरस्कोर ६४ आणि एएमडी६४ हेही एकच. पोरं विचारतात, माझ्याकडे तर इंटेल आहे, मी एएमडीची फाइल का घेऊ? कारण एक्स८६ चा हा ६४ बिट विस्तार आधी एएमडीने आणला, २००३ मध्ये ऑप्टेरॉनबरोबर, आणि डेबियनने तेच नाव ठेवलं. केस स्टेटमेंटमध्ये दोन्ही नावं उभी रेघ मारून एकाच फांदीत टाका. जुन्या लॅपटॉपसाठी आय, प्रश्नचिन्ह, ८६ असा नमुना द्या, म्हणजे आय३८६ पासून आय६८६ पर्यंत सगळे आले.

इथपर्यंत कुठल्याही पुस्तकात सापडेल. खरी गंमत पुढे आहे. युनेम कर्नलबद्दल बोलतं, आणि आपल्याला हवं असतं ते वेगळंच: इथे कोणता प्रोग्रॅम चालेल? रास्पबेरी पायवर कर्नल ६४ बिट आणि वरचे सगळे प्रोग्रॅम ३२ बिट असं सर्रास असतं. युनेम एआर्च६४ सांगतं, ६४ बिट फाइल उतरते, चालत मात्र नाही. तिथे 'गेटकॉन्फ लाँग अंडरस्कोर बिट' विचारा, ३२ की ६४ ते कळतं. मॅकवर उलटं. एम१ आल्यापासून जुने इंटेलचे प्रोग्रॅम रोझेटातून चालतात, आणि टर्मिनलच रोझेटात उघडलं असेल तर युनेमसुद्धा एक्स८६ सांगतं. 'सिसकंट्रोल डॉट प्रॉक ट्रान्सलेटेड'चं उत्तर १ आलं तर समजा, खाली आर्म आहे. जुन्या इंटेल मॅकवर ही नोंदच नसते, म्हणून एरर डेव्ह-नलकडे वळवा. विंडोजवरच्या डब्ल्यूएसएलमध्ये 'डॅश एस' लिनक्सच म्हणतं, त्याला लिनक्सच समजा, हरकत नाही.

आणि फोन. युनेम म्हणतं लिनक्स, एआर्च६४. सगळं बरोबर. मग साध्या लिनक्सची फाइल उतरवून चालवली की उत्तर येतं: 'नो सच फाइल ऑर डिरेक्टरी'. एलएस केलं तर फाइल समोर दिसतेय! पोरगं तीन वेळा डाउनलोड करतं, महिनाअखेरचा डेटा संपतो. सापडत नाही ती तुमची फाइल नाही, ती चालवायला घेणारा लोडर सापडत नाही. नेहमीच्या लिनक्सवर जीलिबसी असते, अँड्रॉइडवर बायोनिक, त्यामुळे तो लोडर त्या जागी नसतोच. म्हणून प्रोसेसरच्या आधी 'युनेम डॅश ओ' विचारा, अँड्रॉइड आलं तर वेगळी वाट. हा पर्याय पोझिक्समधला नाही, तेव्हा इथेही एरर वळवाच. आमच्याकडच्या एका स्वस्त फोनवर 'डॅश एम' चं उत्तर आर्मव्ही८एल आलं. म्हणजे चिप ६४ बिटची, पण वरचं अँड्रॉइड ३२ बिटचं. आर्मव्ही७एल एवढंच ओळखणाऱ्या स्क्रिप्टा तिथे आडव्या होतात. दोन्ही एका फांदीत घाला, ३२ बिटची फाइल चालते.

राहिली केसमधली शेवटची फांदी, ताऱ्याची. कितीतरी स्क्रिप्टांत तिथे 'बाकी सगळे एक्स८६' असतं. मला हे अजिबात पटत नाही. सी-डॅकचं वेगा, आयआयटी मद्रासचं शक्ती, हे आपल्याकडचेच रिस्क-फाइव्ह प्रोसेसर आहेत. उद्या त्यातला ६४ बिटचा बोर्ड कुणी लिनक्स टाकून आणला तर युनेम रिस्कव्ही६४ म्हणेल, त्याला इंटेलची फाइल देऊन काय उपयोग? माझ्या स्क्रिप्टमध्ये तिथे मराठीत ओळ छापली जाते: "हे मशीन मला ओळखता आलं नाही, तुमची चूक नाही." खाली युनेमची जशीच्या तशी उत्तरं, आणि एक्झिट १. काहीही उतरवायचं नाही. पोरं त्याचा स्क्रीनशॉट ग्रुपवर टाकतात आणि मी केसमध्ये एक फांदी वाढवतो.