बागेला हवी वैशाखातली पाळी



पावसाळा लागला की गावोगावी झाडं लावली जातात. खड्डे खणलेले असतात, रोपं आलेली असतात आणि हौसेनं माणसंही जमतात. मी आज बोलणार आहे ते त्यापुढच्या महिन्यांविषयी. सोसायटीच्या कोपऱ्यात, शाळेच्या आवारात किंवा टेकडीच्या पायथ्याशी फुलपाखरं आणि मधमाश्या याव्यात म्हणून देशी झाडांची बाग लावली, तर ती तगते दर रविवारी सकाळी तासभर श्रमदानाला येणाऱ्या माणसांच्या बळावर.

या तासाभरात करायचं काय? श्रावण-भाद्रपदात मुख्य काम तण काढण्याचं. गाजरगवत आणि रानमोडी फुलावर येण्याआधी मुळासकट उपटायची. गाजरगवतानं अनेकांच्या अंगाला खाज सुटते, म्हणून हातमोजे हवेतच. शेजारी उगवलेला टाकळा मात्र सरसकट काढायचा नाही. त्याची पावसाळी भाजी आपण आवडीनं खातो, आणि त्याच पानांवर ‘ग्रास यलो’ या चिमुकल्या पिवळ्या फुलपाखराच्या अळ्याही वाढतात. तेव्हा खुरपं चालवण्याआधी रोप ओळखता आलं पाहिजे. नव्या माणसानं पहिला पावसाळा एखाद्या जाणत्याच्या शेजारी बसून तण काढावं. हे शिक्षण मातीत हात घातल्यावरच होतं.

फुलपाखरू मकरंद कितीतरी फुलांतला पितं, पण अंडी घालायला त्याला ठरावीक झाडंच लागतात. ‘प्लेन टायगर’ला रुई लागते, ‘कॉमन एमिग्रंट’ला बहावा. २०१५ मध्ये आपल्या राज्यानं ‘ब्लू मॉर्मन’ला, म्हणजे राणी पाकोळीला, राज्य फुलपाखराचा मान दिला. तिच्या अळ्या लिंबू-पपनसाच्या कुळातल्या झाडांची पानं खाऊन वाढतात. अशा झाडांची पानं कुरतडलेली दिसली की कुणीतरी काळजीपोटी म्हणतं, ‘कीड लागलीय, औषध मारा.’ तिथं थांबून ती अळी त्यांना दाखवायची, ती पुढं काय होणार आहे ते सांगायचं. माळीदादांशी, शेजाऱ्यांशी, लहान मुलांशी असं बोलत राहणं हे खुरपणीइतकंच महत्त्वाचं काम आहे. एका फवारणीत साऱ्या हंगामाची मेहनत वाया जाते.

काही कामं न करण्याची असतात. पालापाचोळा जाळायचा नाही. तो झाडांच्या बुडाशी पसरायचा, म्हणजे ओल टिकते. थोडी जमीन मात्र उघडी ठेवायची, कारण आपल्याकडच्या अनेक एकांड्या माश्या मातीत बीळ करून राहतात. निळ्या पट्ट्यांची माशी त्यांतलीच. वांगी-टोमॅटोच्या फुलाला बिलगून ती अंग थरथरवते आणि आतला पराग झाडून काढते. पेटीत पाळल्या जाणाऱ्या सातेरी माशीला हे जमत नाही. बांबूचे वाळके तुकडेही राहू द्यावेत. काळा भुंगा त्यांत घर करतो.

खरी परीक्षा चैत्र-वैशाखात. देशी झाडाला पाणी लागत नाही, असा एक समज आहे. मुळं खोल गेल्यावर ते बरंचसं खरं ठरतं, पण पहिले दोन-तीन उन्हाळे रोपांना पाणी द्यावंच लागतं. नेमक्या त्याच दिवसांत शाळांना सुट्ट्या असतात आणि बरीच घरं गावी गेलेली असतात. म्हणून पाळ्यांची यादी होळीपूर्वीच झालेली बरी. पाणी घालताना एक जागा चिखलाची ठेवावी. फुलपाखरांचे नर ओल्या मातीतले क्षार शोषायला तिथं उतरतात.

माहीमजवळ मिठी नदीच्या काठी आज महाराष्ट्र निसर्ग उद्यान आहे. तिथं पूर्वी मुंबईचा कचरा पडायचा. १९९४ मध्ये उद्यान लोकांसाठी खुलं झालं आणि आज सुमारे ३७ एकरांवर दाट झाडी उभी आहे. कचऱ्याच्या जागी अशी झाडी उभी राहते ती वर्षानुवर्षांच्या निगराणीनं. आपल्या वस्तीतल्या दोन गुंठ्यांनाही तीच लागते, फक्त ती वाटून घेता येते.

यंदा जिथं रोपं लावायला जाल, तिथं एवढंच विचारा : वैशाखातल्या पाण्याच्या पाळ्या कुणाकडे आहेत? यादी असेल तर तिच्यात आपलं नाव घाला. नसेल तर त्याच दिवशी, रोपाभोवतीची माती दाबून झाली की, कागद घ्या आणि पहिली पाळी स्वतःच्या नावावर लिहा.