अधिक मासाचा हिशेब
(मंडळाच्या वर्धापनदिनी झालेले भाषण)



विषय कोणता घेऊ, असे विचारले तेव्हा चिटणीसबाई म्हणाल्या, "घर सांभाळून तुम्ही कादंबऱ्या लिहिता कशा, तेच सांगा." हा प्रश्न मला पुष्कळदा विचारला जातो. लिहिणाऱ्या पुरुषाला तो कोणी विचारीत नाही, एवढे आधी नमूद करते आणि उत्तराकडे वळते.

माझे उत्तर पंचांगात आहे. चांद्र वर्ष ३५४ दिवसांचे आणि सौर वर्ष ३६५ दिवसांचे. दर वर्षी सुमारे अकरा दिवसांचा फरक पडतो. पंचांगकर्ते तो वाया जाऊ देत नाहीत. साठवीत जातात, आणि बत्तीस-तेहतीस महिन्यांनी त्यातून एक सबंध महिना उभा राहतो. २०२३ साली असाच श्रावण अधिक आला होता. मीही तेच करीत आले. सबंध रिकामी दुपार माझ्या वाट्याला क्वचितच आली. नळाला पाणी येण्याआधीचा पहाटेचा अर्धा तास आणि कुकरच्या तीन शिट्ट्या होईपर्यंतची दहा मिनिटे, एवढेच माझे भांडवल. पण रोज अर्धे पान म्हटले तरी वर्षाला १८० च्या वर पाने होतात. कादंबरीला आणखी काय लागते?

लागते, विषय लागतो. तोही मला घरातल्या ऋतूंनीच दिला. चैत्र-वैशाखात गच्चीवर कुरडया-पापड्यांचे वाळवण पडते. वाळवणाची राखण हे घरातले एकच काम असे आहे की, त्यात बाईने एका जागी बसून राहावे अशी सर्वांची इच्छा असते! हातात काठी, मांडीवर वही. माझ्या पहिल्या कादंबरीची तीन प्रकरणे कावळ्यांच्या देखत लिहून झाली.

मग आषाढ. कपडे वाळत नाहीत, दोऱ्या घरात येतात, त्यांच्याखालून वाकून सारी माणसे वावरतात. भांडणे व्हायची ती याच दिवसांत. श्रावणात नागपंचमीला लेकी माहेरी येतात आणि वर्षभर पत्रात न लिहिलेले, हल्ली फोनवर न बोललेले, झोपाळ्यावर बोलून जातात. दिवाळीत फराळाच्या डब्यांबरोबर कोणाचे काय चालले आहे याचाही हिशेब होतो. मार्गशीर्षात लग्नाच्या बोलण्यांना जोर येतो. "तुम्ही कथानक कसे रचता?" असे विचारतात. मला ते फारसे रचावे लागत नाही. माणसे कोणत्या महिन्यात कशी वागतात, एवढे पाहिले की पुष्कळ काम होते.

ऋतूही आता पूर्वीसारखे वेळेवर येत नाहीत. वाळवण घालावे आणि भर उन्हाळ्यात अवकाळी पावसाने ते भिजवावे, हे आपण सर्वजणी अनुभवतो. पुष्कळ घरांत तर वाळवण गच्चीवर जातच नाही, दुकानातून येते. त्याचे मला वाईट वाटत नाही. उलट एक गोष्ट सांगते. १९५९ साली मुंबईत गिरगावातल्या एका इमारतीच्या गच्चीवर सात बायकांनी ८० रुपये उसने घेऊन पापड लाटायला सुरुवात केली. त्यातून लिज्जत पापडाचा एवढा मोठा उद्योग उभा राहिला. पापड तेच, लाटणारे हात तसेच. घरासाठी लाटले तोवर कोणी मोजले नाहीत; विकायला ठेवले, तेव्हा त्याला काम म्हणू लागले.

लिहिण्याचे असेच आहे. पुस्तक छापून हाती येईपर्यंत घर त्याला 'हिचे काहीतरी चालले आहे' असे म्हणते. गॅस आला, मिक्सर आला, धुण्याचे यंत्र आले. वाचलेला वेळ गेला कुठे? अधिक मासाचेच पाहा ना! पंचांगकर्त्यांनी कणाकणाने साठवून एक महिना मिळवला, आणि आपण तो जावयाच्या तेहतीस अनारशांत खर्च करतो! जावयांवर माझा राग नाही. अनारसे जरूर करावेत. पण साठवलेल्या महिन्यातले चार दिवस साठवणारणीचेही असावेत, आणि ते तिने मागून घ्यावेत. न मागता ते कोणी देत नाही, हा माझा अनुभव.

हे मी केवळ कादंबरीकार होऊ पाहणाऱ्या मुलींसाठी सांगत नाही. बहिणाबाई चौधरींना लिहिता-वाचता येत नव्हते. शेतात आणि घरकामात त्यांनी रचलेली गाणी घरच्यांनी टिपून ठेवली, म्हणून १९५२ साली, त्यांच्या निधनानंतर, ती पुस्तकरूपाने महाराष्ट्राला मिळाली. लक्ष्मीबाई टिळक लग्नानंतर लिहायला शिकल्या, आणि त्यांची 'स्मृतिचित्रे' १९३४ पासून प्रसिद्ध होऊ लागली, तेव्हा त्यांची साठी उलटून गेली होती. टिपून घेणारे कोणी नव्हते म्हणून अशा किती जणींचे शब्द जात्याबरोबर थांबले असतील!

१९५६ साली दुर्गाबाई भागवतांचे 'ऋतुचक्र' आले. बारा महिन्यांचे आकाश, झाडे, फुले त्यांनी डोळे भरून पाहिली आणि आपल्याला दाखवली. पण आपल्या माजघराचेही एक ऋतुचक्र आहे. लोणच्याच्या कैऱ्या कोणी फोडायच्या, मसाला कोणाच्या हातचा, हळदीकुंकवाला कोणाला बोलावणे टाळले जाई, बाळंतिणीची खोली कोणती, हे ज्यांना ठाऊक आहे अशा सत्तरी-पंचाहत्तरीच्या सभासद या पहिल्या रांगेत बसल्या आहेत. त्यांनी ते सांगितले नाही, तर त्यांच्या नातींना ते कोणत्याही पुस्तकात मिळणार नाही.

म्हणून मंडळापाशी माझे एक मागणे आहे. येत्या पाडव्यापासून प्रत्येकीने महिन्याला एकच पान लिहावे. त्या महिन्यात घरात काय झाले, पूर्वी काय होत असे, एवढेच. शुद्धलेखनाची काळजी नको. जिला डोळ्यांनी दिसत नाही तिने सांगावे, सुनेने किंवा नातीने लिहून घ्यावे. फाल्गुन संपेल तेव्हा प्रत्येकीजवळ बारा पाने असतील. पुढल्या स्मरणिकेला बाहेरून कोणा लेखिकेचे भाषण आणावे लागणार नाही, आणि त्या दिवशी मी समोर बसून आपणा सर्वांचे ऐकेन.