शेजाऱ्याचे दार
(ज्ञातिमंडळाच्या वार्षिक संमेलनात केलेले भाषण)



आता येथे गुणवंत विद्यार्थ्यांचे कौतुक झाले, ते योग्यच झाले. असेच गुण मिळवून ज्यांची मुले परगावी वा परदेशी गेली आणि जे स्वतः मागे राहिले, अशा वृद्धांकडे मी आपले लक्ष वेधू इच्छितो.

आपल्यापैकी पुष्कळांचे बालपण गिरगाव-दादरच्या चाळींत गेले. साऱ्या खोल्यांची दारे एकाच सामाईक गॅलरीत उघडत आणि दिवसभर उघडीच राहत. एखाद्या आजोबांचा खोकला सकाळी ऐकू आला नाही, तर दोन घरे पलीकडची बाई डोकावून विचारी, “बरे आहे ना हो?” ही देखरेख कोणी ठरवून केलेली नव्हती, ती त्या वास्तूच्या रचनेतच होती. चाळीतून आपण सदनिकेत आलो. सोयी वाढल्या, त्याबद्दल तक्रार नाही. परंतु पूर्वी जे आपोआप घडे, ते आता ठरविल्यावाचून घडणार नाही.

हा उपदेश नव्हे, माझ्याच अपराधाची कबुली आहे. माझ्या शेजारी एक वृद्ध बाई एकट्या राहत. एके सकाळी कामावर जाताना त्यांच्या दाराशी दुधाची पिशवी तशीच लटकलेली दिसली. ‘मुलीकडे गेल्या असतील’ असे मनाशी म्हणून मी जिना उतरलो. सायंकाळी परतलो, तरी पिशवी तेथेच. दार फोडावे लागले. बाई पहाटेपासून न्हाणीघरात पडून होत्या. त्या वाचल्या, पण पुन्हा आपल्या पायांवर चालल्या नाहीत. पडण्याइतकेच, मदतीवाचून तासन्‌तास पडून राहणे वृद्धांना घातक ठरते, असे डॉक्टर सांगतात. त्या तासांचा हिशेब माझ्या नावे आहे.

सरकारने २००७ साली आईवडील व ज्येष्ठ नागरिकांच्या चरितार्थाचा कायदा केला. ज्येष्ठांच्या साहाय्यासाठी १४५६७ हा दूरध्वनी क्रमांकही आहे. हे घरोघरी अवश्य सांगावे. पण ज्याचा हात दूरध्वनीपर्यंत पोचत नाही, त्याला शेजाऱ्याचेच डोळे हवेत.

म्हणून माझी विनंती साधी आहे. आपल्या मजल्यावर कोणी वृद्ध एकटे असतील, तर त्यांच्या संमतीने रोजची एक वेळ ठरवावी आणि त्या वेळी दारावर थाप द्यावी. एक जादा किल्ली, मुलांचा व डॉक्टरांचा क्रमांक आपल्याजवळ ठेवावा. मात्र हे उपकाराच्या भावनेने करू नये. कधी त्यांच्याकडून लोणच्याची कृती विचारावी, कधी आपल्या मुलाचा अभ्यास त्यांच्यापुढे ठेवावा. आपली गरज कोणाला तरी आहे, हेही त्यांना कळू द्यावे.

शेवटचे एक सांगतो. तो शेजारी आपल्या ज्ञातीचा असेलच असे नाही. परंतु गावाकडे एकट्या असलेल्या आपल्या आईचे दार आज सकाळी कोणी ठोठावले असेल, त्याची ज्ञात आपण विचारणार आहोत काय?