भेदभाव नको, विवेक हवा



इंग्रजीत 'इनडिस्क्रिमिनेट' असे एक विशेषण आहे. 'डिस्क्रिमिनेशन' म्हणजे भेदभाव, हे आपण सारे जाणतो. राज्यघटनेच्या कलम 15 ने धर्म, वंश, जात, लिंग, जन्मस्थान यांवरून तो करण्यास मनाई केली आहे. म्हणून आपले विद्यार्थी या विशेषणाचा अर्थ 'भेदभाव न करणारा' असा लावतात. तो बरोबर नाही. मूळ लॅटिन शब्दाचा अर्थ वेगळे करणे, पारखणे. तेव्हा 'इनडिस्क्रिमिनेट' म्हणजे सारासार विचार न करता, सरसकट केलेले. 13 एप्रिल 1919 चा जालियनवाला बागेतील गोळीबार इनडिस्क्रिमिनेट. कोणत्याही तापावर अँटिबायोटिक घेणे, तेही इनडिस्क्रिमिनेट. निःपक्षपाती माणसाला 'इम्पार्शल' म्हणावे.

आपले मुदखेड फुलशेतीचे गाव. किडके फूल बाजूला काढणे हा भेदभाव नव्हे, ती पारख. माणसाला जन्मावरून बाजूला काढणे हा भेदभाव.

केवळ परंपरा आहे, ग्रंथात आहे म्हणून काही स्वीकारू नका, असे भगवान बुद्धांनी कालामांना सांगितले. बाबासाहेबांनी 13 ऑक्टोबर 1935 रोजी येवल्यात धर्मांतराची घोषणा केली आणि दीक्षा 14 ऑक्टोबर 1956 रोजी नागपुरात घेतली. मधली 21 वर्षे त्यांनी पारखून घेतले. मग मित्राने भरला म्हणून आपणही त्याच कोर्सचा फॉर्म का भरावा? त्यात आईबापांचा घामाचा पैसा असतो.

विद्यार्थी मित्रांनो, भेदभाव सोडू या. पारख सोडू नये.

जयभीम! नमो बुद्धाय!