घरासाठी दूरदर्शनसंच

दूरदर्शनसंच घ्यावयाचा म्हणजे दुकानात जाऊन सर्वांत झगमगणारा उचलावयाचा, अशी पुष्कळांची समजूत असते. येथे एकोडीस माझीही तीच होती. परंतु दुकानातील संच बहुधा मुद्दामच भडक रंगांवर लावून ठेवलेले असतात.

‘एलईडी’ हे नावही फसवेच. चित्र उमटते ते द्रवस्फटिकांच्या पडद्यावर. एलईडी हे त्यामागील केवळ दिवे होत. ‘ओएलईडी’चा मात्र प्रत्येक बिंदू स्वयंप्रकाशी असतो, म्हणून त्यातील काळोख खरोखर काळा दिसतो आणि बाजूनेही चित्र फारसे बिघडत नाही. पण किंमत बरीच अधिक. शिवाय वृत्तवाहिनीचे एकच बोधचिन्ह नित्य तासन् तास राहिल्यास त्याचा कायमचा डाग पडण्याची भीती.

एलईडीतही पडद्याच्या मुख्य जाती दोन. ‘व्हीए’चा काळा रंग गडद, परंतु कडेने पाहता चित्र फिकट पडते, ‘आयपीएस’चा काळा जरा करडा, पण कडेला बसणारासही चित्र जवळजवळ सारखेच. हा भेद मला कोणी सांगितला नाही, मीही विचारला नाही. आमच्या ओसरीत थोरल्या भगिनींची बाज भिंतीच्या कडेस असते. नवा ‘व्हीए’ संच आल्यावर महिनाभर त्या काही बोलल्या नाहीत. आपलीच दृष्टी गेली असे समजून कीर्तन डोळे मिटून नुसते ऐकत. एकदा मी सहज त्या बाजेवर बसलो, तेव्हा उलगडा झाला.

म्हणून दुकानात संचासमोर उभे न राहता, घरातील माणूस जितक्या कडेस बसते तितक्याच कडेस उभे राहून तो पाहावा. आमचा संच आता फिरत्या स्टँडवर आहे. कीर्तनाच्या वेळी तो बाजेकडे वळतो.