वाळल्या फांदीची निगा
(रौप्यमहोत्सवानिमित्त सोसायटीच्या सभागृहात झालेल्या छंदविषयक कार्यक्रमातील भाषणाचा मजकूर)



समितीने मला सांगितलं, "काकू, बोन्सायवर दहा मिनिटं बोला." दहा मिनिटांत सगळं बोन्साय काही सांगून होत नाही. म्हणून एकच विषय घेते. गच्चीवर माझ्या कुंड्या बघायला आलेला प्रत्येक जण हमखास विचारतो, "काकू, या झाडाची वरची फांदी तर मेलेली आहे. कापून का नाही टाकत?" आज त्याचंच उत्तर देते.

टेबलावर ठेवलेलं हे झाड चिंचेचं आहे. आपण इथे राहायला आलो त्या पहिल्या पावसाळ्यात ते कंपाउंडच्या भिंतीच्या फटीत उगवलं होतं. म्हणजे ते आपल्या सोसायटीच्याच वयाचं. 2013 चा मे महिना पुष्कळांना आठवत असेल, नागपूरचा पारा 47 अंशांच्या वर गेला होता. नेमके तेव्हा आम्ही चार दिवस लग्नाला बाहेरगावी. परत येऊन बघते तर कुंडीतली माती दगडासारखी आणि झाड पार वाळलेलं. सावलीत ठेवलं, पाणी दिलं, रोज जाऊन बघायचं. पंधरा दिवसांनी खालच्या बाजूला दोन फुटवे आले. शेंडा मात्र गेला तो गेलाच.

जपानी बोन्सायमध्ये अशा मेलेल्या लाकडाला मान आहे. डोंगरकड्यावरच्या ज्युनिपरच्या झाडांना वारा, बर्फ, वीज यांचा मार बसतो. साल जाते, उघडं लाकूड पांढरं पडतं आणि शेजारच्या जिवंत सालीच्या पट्टीवर झाड पुढची शेकडो वर्षं काढतं. वाळलेल्या फांदीला किंवा शेंड्याला ते 'जिन' म्हणतात, खोडावरच्या सोललेल्या पट्ट्याला 'शारी' आणि पोकळीला 'उरो'. झाडाने काय सोसलं ते दिसू द्यायचं, हा त्यामागचा विचार. मलाही तो पटला. शेंडा कापला असता तर झाड नीटनेटकं दिसलं असतं, पण त्या उन्हाळ्याची खूण राहिली नसती.

आता माझी चूक सांगते. शेंड्याची साल सोलली, लाकूड घासलं आणि टिकावं म्हणून त्याला घरात उरलेला पांढरा ऑइल पेंट दिला, दोन हात. दिसायला झकास! दोन पावसाळे गेले. तिसऱ्या वर्षी बोटाने दाबलं तर रंगाचा पापुद्रा आत गेला. आत भुसा झाला होता. लाकडाला भेगा पडतातच. त्या भेगांतून पाणी आत शिरलं आणि रंगामुळे बाहेर पडू शकलं नाही. वरून रंग, आतून कुजणं. आपल्या गच्चीच्या वॉटरप्रूफिंगचा अनुभव असलेल्यांना हे वेगळं सांगायला नको.

तेव्हा पहिली गोष्ट ही की लाकूड बाटलीतल्या औषधाने टिकत नाही, ते कोरडं राहण्याने टिकतं. महालातल्या जुन्या वाड्यांतले सागवानी खांब बघा. खांब जमिनीत पुरलेला नसतो, खाली दगडी तळखडा असतो. माती आणि लाकूड यांची भेट होऊ द्यायची नाही, हे सुतारांना पक्कं ठाऊक होतं. बोन्सायमध्येही मेलेलं लाकूड सर्वांत आधी मातीला टेकतं तिथेच कुजतं. तिथूनच वाळवी चढते, जिला आपल्याकडे उदई म्हणतात. म्हणून तिथली माती मी थोडी खाली घेते आणि भोवती जाड रेती घालते. शेवाळ चढू देत नाही. झारीचं पाणी मुळाशी, लाकडावर नाही. कोरताना खळगा झाला तर त्याला उतार देते, म्हणजे पाणी साचत नाही.

दुसरी गोष्ट कोरण्याची. गुटी कलम बांधताना आपण फांदीची साल गोल काढतो, त्यामुळे पानांनी केलेलं अन्न खाली उतरत नाही. खोडाची साल अशी चहूबाजूंनी गेली तर मुळं उपाशी मरतात. म्हणून जिवंत साल कुठून कुठे जाते ते आधी खडूने आखून घ्यायचं आणि तिला धक्का लावायचा नाही. पटाशीने गुळगुळीत कापण्यापेक्षा पक्कडीने तंतू धरून ओढावेत. लाकूड आपल्या रेषेने फाटतं आणि ते खरं वाटतं. शेवटी तारेच्या ब्रशने हलक्या हाताने घासायचं. ओलं लाकूड कोरलं असेल तर पुढे पाच-सहा महिने त्याला नुसतं वाळू द्यायचं.

झाडही बघून घ्यावं. वड, पिंपळ, उंबर यांचं लाकूड मऊ, ते आपल्या पावसात टिकत नाही. बोगनवेलही लवकर भुसभुशीत होते. चिंच आणि कामिनी यांचं लाकूड टणक, ती साथ देतात.

तिसरी गोष्ट औषधाची. जगभर बोन्सायवाले लाइम सल्फर वापरतात, म्हणजे चुना आणि गंधक एकत्र उकळून केलेलं द्रावण. हे मूळचं फळबागांचं बुरशीनाशक. आपल्या संत्राबागांत 1 किलो मोरचूद, 1 किलो चुना आणि 10 लिटर पाणी यांची बोर्डो पेस्ट खोडाला लावतात, त्याच घराण्यातलं म्हणा. फक्त बोर्डो निळं आणि हे नारिंगी. लाकडावर लावलं की आधी पिवळंजर्द दिसतं. ऊन लागलं की एक-दोन दिवसांत पांढरं पडतं. बुरशी आणि किडींना ते आवडत नाही, आणि ऑइल पेंटसारखा पापुद्राही धरत नाही.

लावायची रीत अशी. लाकूड ब्रशने स्वच्छ करून पाण्याने किंचित ओलं करायचं, म्हणजे औषध आत मुरतं. मातीवर प्लास्टिक पसरायचं, पानं झाकायची, जिवंत सालीवर थेंब पडला तर लगेच पुसायचा. मुळांना आणि पानांना ते सोसत नाही. मग जुन्या ब्रशने पातळ हात द्यायचा. मी वर्षातून दोनदा देते, मार्चमध्ये कडक ऊन लागायच्या आधी आणि पाऊस संपून लाकूड वाळल्यावर ऑक्टोबरच्या शेवटी.

याचा वास सडक्या अंड्यासारखा येतो. पहिल्यांदा लावलं तेव्हा खालच्या मजल्यावरून विचारणा झाली, "काकू, ड्रेनेज फुटलं का हो?" हसण्यावारी गेलं, पण आता हसण्यासारखं नाही ते सांगते, आणि हे मुलांच्या आईबाबांनी लक्षात ठेवावं. लाइम सल्फरमध्ये ॲसिड मिसळलं तर विषारी वायू सुटतो. त्यामुळे याचा ब्रश बाथरूममध्ये कधीही धुवायचा नाही. तिथे फरशी आणि संडास साफ करायचं ॲसिड असतं. उघड्या गच्चीवर काम करायचं, हातमोजे आणि चष्मा घालायचा, तांब्या-पितळेचं भांडं घ्यायचं नाही, चांदीची अंगठी काढून ठेवायची, ती काळी पडते. बाटलीवर चिठ्ठी लावून ती कुलपात ठेवायची. आणि घरी चुना-गंधक उकळून हे बनवायचा उद्योग तर फ्लॅटमध्ये कुणीही करू नये.

शेवटी रंग. नुसतं लाइम सल्फर लावलं तर लाकूड पांढरंफेक दिसतं, आपल्या आवारातल्या झाडांना गेरू-चुना मारतो ना, तसं. बर्फातल्या ज्युनिपरला ते शोभतं, चिंचेला नाही. विदर्भातल्या कुठल्याही गावाबाहेरची म्हातारी चिंच आठवा. खोड पोकळ झालेलं, आत काळोख, कडांचं लाकूड राखाडी. उन्हाने लाकडाचा वरचा थर झिजतो, पावसाने धुतला जातो आणि मागे तो राखाडी, जरासा रुपेरी रंग उरतो. आपल्याला त्या रंगापर्यंत जायचं आहे.

त्यासाठी मी औषधाच्या वाटीत काळ्या ड्रॉइंग इंकचे दोन-तीन थेंब टाकते आणि आधी टाकाऊ लाकडावर लावून वाळू देते, कारण ओला रंग आणि वाळलेला रंग यांत फार फरक पडतो. पोकळीत आणि भेगांत शाई जास्त, कडांवर नुसतं औषध. सगळीकडे एकच रंग दिला की लाकूड प्लास्टिकचं वाटतं. कुणी जवसाचं तेल लावायला सांगतात. मी लावून बघितलं. लाकूड तपकिरी झालं आणि श्रावणात त्यावर काळी बुरशी आली. पॉलिश, वॉर्निश तर नकोच. आणि रंगाची घाई नसेल तर सर्वांत उत्तम, दोन-तीन वर्षं ऊन-पावसावर सोडा, अर्धं काम आपोआप होतं.

माझ्या चिंचेचा मूळ शेंडा चार बोटं उंच होता. कुजलेला भाग खरवडून काढल्यावर आता दीड बोट उरला आहे. तेवढाच मी राखते आहे. खालच्या दोन फुटव्यांचं आता चांगलं डेरेदार झाड झालं आहे आणि या दीड बोटाशिवाय ते कुणाला खरं वाटलं नसतं.

तर बाळांनो, कापून का नाही टाकत, याचं हे उत्तर. ज्यांना शिकायचं असेल त्यांनी मार्चमधल्या पहिल्या रविवारी सकाळी आठला गच्चीवर यावं, मोठ्यांना सोबत घेऊन. आणि बाकीच्यांसाठी आदल्या दिवशी नोटीस बोर्डावर चिठ्ठी लावते: वास येईल, पण ड्रेनेज फुटलेलं नाही.