लाचेसाठी कर्ज नको

आज आधी आमची एक चूक सांगतो.

गेल्या वर्षी बैठकीत एका ताईंनी दोन हजारांचं कर्ज मागितलं. घरकुलाचा हप्ता सोडण्यासाठी त्यांच्याकडे तेवढे पैसे मागितले होते. आम्ही सगळ्यांनी होकार दिला आणि नोंदवहीत कारण लिहिलं, 'घरदुरुस्ती'. ताईंनी दहा महिने रोजंदारीतून हप्ते फेडले. लाच एकाने खाल्ली आणि व्याज आमच्या गटात जमा झालं! हिशेब तपासताना ते आमच्या ध्यानात आलं आणि मान खाली गेली.

मग आम्ही माहिती काढली. कुंपणच शेत खायला लागलं, तर तक्रार कुंपणाकडे करून काय उपयोग? म्हणून त्या कार्यालयाच्या बाहेरची यंत्रणा लागते. आपल्या राज्यात त्यासाठी लाचलुचपत प्रतिबंधक विभाग आहे. त्याचा टोल फ्री नंबर १०६४. पैसे मागितले की देण्याआधीच फोन करायचा. ते आधी पंचांसमोर पडताळणी करतात, खरंच मागणी झाली का ते बघतात. मग सापळा लावतात. नोटांना एक पावडर लावलेली असते. नोटा घेणाऱ्याचे हात सोड्याच्या पाण्यात बुडवले की पाणी गुलाबी होतं. सापळ्यात दिलेले पैसे तक्रारदाराला परत देण्याची सोय आहे.

एक गोष्ट पक्की लक्षात ठेवा. २०१८ च्या दुरुस्तीपासून लाच देणाराही गुन्हेगार ठरतो. पण कुणी बळजबरीने द्यायला लावली असेल आणि सात दिवसांच्या आत पोलिसांना किंवा या विभागाला कळवलं, तर देणाऱ्यावर गुन्हा लागत नाही. आमच्या ताईंचे सात दिवस कधीच निघून गेले होते. हे आम्हाला तेव्हा माहीत असतं तर!

दुसरी जागा लोकआयुक्तांची. हे पद १९७१ च्या कायद्याने निर्माण झालं. न्यायाधीश असलेल्या किंवा राहिलेल्या व्यक्तीला राज्यपाल नेमतात. कामात मुद्दाम अडवणूक झाली, अन्याय झाला, तर त्यांच्याकडे लेखी तक्रार करता येते.

आता उणी बाजूही सांगायला हवी. लाचलुचपत विभाग सरकारच्याच गृह खात्याखाली येतो. पकडलेल्या नोकरावर खटला चालवायला त्याला कामावरून काढण्याचा अधिकार असलेल्या वरिष्ठांची मंजुरी लागते. लोकआयुक्त शिफारस करतात, शिक्षा देत नाहीत. शिफारस मानली नाही, तर ते राज्यपालांना विशेष अहवाल देतात आणि तो विधिमंडळापुढे ठेवला जातो. म्हणजे राखणदाराच्या हातात काठी आहे, पण ती थोडी आखूड आहे. ती लांब व्हावी, ही मागणी आपण ग्रामसभेत आणि मतं मागायला येणाऱ्यांपुढे करू शकतो. पण आहे ती काठीसुद्धा आपण हाक मारल्याशिवाय उचलली जात नाही.

एकटीला भीती वाटते, हे खरं आहे. पुढे आपली कामं अडवतील, गावात नाव होईल, असं मनात येतं. म्हणून आम्ही गटात ठराव केला आहे. लाचेसाठी कर्ज द्यायचं नाही. कुणाकडे पैसे मागितले, तर त्याच दिवशी बैठक घ्यायची, फोन लावायचा आणि दोघीतिघींनी सोबत जायचं. १०६४ हा आकडा आम्ही नोंदवहीच्या पहिल्या पानावर लिहिला आहे.

तुमच्या वहीतली 'इतर कारण' आणि 'घरदुरुस्ती' अशी कर्जं पुढच्या बैठकीत एकदा वाचून बघा.